जेटच्या तोंडासमोरची माणसे

(१)
नांदेडहून देगलूरच्या रस्त्याला लागले की वाटेत नायगाव येते. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की या भागातल्या शिवारात मळणी यंत्राची घरघर रात्रीपर्यंत ऐकू येते. यंत्रापुढे उभे राहणाऱ्याला वडीलधारी माणसे ठरलेल्या गोष्टी बजावतात. उपरणे काढून ठेव. बाह्या वर सार. पेंढी हाताने आत रेटू नकोस, यंत्र ती आपण होऊन ओढून घेते. बायकांना पदर खोचायला सांगतात.

हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. हरित क्रांतीनंतर उत्तर भारतात या यंत्रांनी इतके हात नेले की संसदेला १९८३ साली ‘धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम’ करावा लागला. नाव भारदस्त आणि व्यापक. व्याख्येत नावानिशी येणारे यंत्र मात्र एकच, शेतातले मळणी यंत्र.

(२)
नायगावपासून तासाभराच्या वाटेवर नांदेडचे विमानतळ आहे. तिथे येणाऱ्या जेट विमानाच्या पंखाखालीही एक तोंड असते आणि तेही आपण होऊन ओढून घेते. त्या तोंडापासून काही पावलांवर रोज माणसे काम करतात: चाकांना ठोकळे लावणारी, सामान उतरवणारी, हेडसेट लावून वैमानिकाशी बोलणारी. विमानविद्येच्या इतिहासात वैमानिकांची चरित्रे पुष्कळ सापडतात. जमिनीवरच्या या माणसांची नोंद बहुधा अपघाताच्या अहवालात होते आणि तिथेच संपते. हा धागा त्यांच्याविषयी आहे.

(३)
आधी जेटपूर्व काळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. विमान होते पस मॉथ, एका इंजिनाचे. त्या काळातल्या अनेक लहान विमानांचे इंजिन सुरू करण्यासाठी एक माणूस पुढे उभा राहून पंखा हाताने फिरवीत असे. काम जोखमीचे, इंजिनाने अनपेक्षित उसळी घेतली तर पात्याचा फटका थेट हातावर किंवा डोक्यावर.

म्हणून एक संवाद ठरून गेला होता. खालचा माणूस विचारी, ‘स्विच बंद?’ वरून उत्तर येई, ‘स्विच बंद.’ इंधन आत ओढले गेले की खालून आवाज येई, ‘कॉन्टॅक्ट!’ वैमानिकाने तोच शब्द उलट उच्चारल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही. एकाच्या हातात स्विच, दुसऱ्याचा हात पात्यावर आणि दोघांमध्ये फक्त शब्द.

ही रचना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढच्या नव्वद वर्षांत इंजिने बदलली, विमाने बदलली. जमिनीवरच्या माणसाचे आयुष्य मात्र या उलटउत्तरावरच टांगलेले राहिले.

(४)
पंख्याच्या विमानाला निदान एक सौजन्य होते. धोका कुठे आहे ते तो दाखवी. पाती फिरताना धुरकट चकती दिसे, पात्यांची टोके पिवळी किंवा लाल रंगवलेली असत, आणि माणूस त्या चकतीत शिरला तरच प्राण जात. चकतीच्या बाहेर हातभर अंतरावरही पंखा त्याला धरायला येत नसे.

(५)
आता १२ एप्रिल १९३७. इंग्लंडमधील रग्बी शहरातला एक कारखाना. फ्रँक व्हिटल हा तरुण अधिकारी आपले जेट इंजिन प्रथमच चालवून पाहत होता. इंजिनाने वेग घेतला आणि तो आवरेना. व्हिटलने इंधनाची झडप बंद केली तरी वेग वाढतच गेला, कारण आत आधीच इंधन साचून राहिले होते. भोवतालचे सहकारी जीव घेऊन पळाले. व्हिटल जागेवरच उभा राहिला. त्यात धैर्य किती आणि थिजून जाणे किती हा प्रश्न वेगळा.

चालू जेट इंजिनाजवळ काम करणाऱ्या माणसांचा इतिहास असा पळापळीने सुरू झाला. नंतरच्या माणसांना पळण्याची मुभा नव्हती, कारण इंजिनाजवळ थांबणे हीच त्यांची नोकरी होती.

(६)
इथे थोडे पदार्थविज्ञान आवश्यक आहे. त्याशिवाय पुढचे अपघात कळत नाहीत.

देवापुढचा दिवा फुंकर मारून हातभरावरून विझवता येतो. तोच दिवा श्वास आत ओढून विझवून पाहावा. ज्योत ओठांजवळ आणली तरी ती जेमतेम हलते. फुंकर एका दिशेने झोत बनून दूरवर जाते. ओढलेली हवा मात्र सगळ्या बाजूंनी गोळा होते, म्हणून थोड्या अंतरावरच तिचा वेग विरून जातो.

जेट इंजिनाचेही असेच. मागचा झोत लांबवर पोहोचतो, माणसाला उडवून देतो, गाड्या उलथवतो. पुढची ओढ थोड्या अंतरापुरतीच असते. ऐकायला हे बरे वाटते, आणि खरी फसगत इथेच आहे. ढोबळमानाने पाहिले तर तोंडापासूनचे अंतर निम्मे झाले की हवेचा वेग चौपट होतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो सोळापट होतो. सहा मीटरवर झुळूक जाणवते, तीन मीटरवर कपडे फडफडतात, आणि त्यानंतरच्या एकदोन पावलांत पाय जमिनीवर राहत नाहीत. सावध होण्यासाठी जो मधला टप्पा लागतो, तो इथे जवळजवळ नसतोच.

(७)
पावसाळ्यात भिजलेल्या जमिनीवर उभ्या विमानाकडे नीट पाहिले तर कधी कधी एक चमत्कार दिसतो. जमिनीपासून इंजिनाच्या तोंडापर्यंत पाण्याच्या तुषारांची एक बारीक, वळवळणारी सोंड उभी राहते. वावटळीचेच हे धाकटे भावंड. कोरड्या दिवशी तीच सोंड खडे, खिळे, कागद उचलून आत नेते, फक्त दिसत नाही. म्हणून विमानतळावर ओळीने चालत जमिनीवरचा कचरा वेचण्याची रीत आहे. ती इंजिनाच्या काळजीपोटी पडली. ज्या हवेला खिळा उचलता येतो तिला टोपीही उचलता येते आणि टोपीमागून माणसाचा हात आपोआप पुढे जातो, हे मात्र माणसांनी अपघातांतून शिकायचे होते.

(८)
भारतात जेट आले ते हवाई दलात. नोव्हेंबर १९४८मध्ये व्हॅम्पायर जातीची पहिली विमाने दाखल झाली. ठेंगण्या बांध्याचे हे विमान. हवा घेणारी तोंडे पंखांच्या मुळाशी, झोत मागे जमिनीलगत. मुंबईकरांनी प्रवासी जेट पाहिले ते ऑगस्ट १९५२मध्ये, लंडन–कोलंबो मार्गावरचे ब्रिटिश कॉमेट सांताक्रूझला थांबू लागले तेव्हा. कॉमेटची चारही इंजिने पंखांच्या मुळाशी दडवलेली होती. रूप देखणे, पण दुरुस्ती करणाऱ्याला त्रासाचे.

(९)
१९६० साली एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने आली. बोइंगने इंजिने पंखात न दडवता पंखाखाली टांगली. यामागे शहाणी कारणे होती. इंजिनाला आग लागली तर ती पंखातल्या इंधनापासून दूर राहते, आणि तंत्रज्ञाला जमिनीवर उभे राहून झाकण उघडता येते, इंजिन झटपट उतरवता येते. १९६२ साली एअर इंडियाने शेवटची पंख्याची विमाने निरोप देऊन ताफा पूर्ण जेटचा केला. असे करणारी जगातली पहिली विमान कंपनी म्हणून ती हा मान मिरवीत असे.

या सोयीची दुसरी बाजू कोणत्याही जाहिरातीत आली नाही. तंत्रज्ञाच्या हाताला इंजिन सापडावे म्हणून ते खाली आणले, आणि त्याच हिशेबाने त्याचे तोंड माणसाच्या छातीच्या उंचीवर आले.

(१०)
मग ते तोंड रुंदावत गेले. विमानतळांभोवतीच्या वस्त्या आवाजाने हैराण झाल्या होत्या. १९७१मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आवाजाच्या मर्यादा ठरवणारे परिशिष्ट स्वीकारले. त्याच वर्षी एअर इंडियाचे पहिले जम्बो जेट, ‘एम्परर अशोक’, मुंबईत आले. नव्या इंजिनांची पुढची भव्य पंख्याची चकती बरीचशी हवा गाभ्याबाहेरूनच मागे ढकलीत होती. इंधन कमी लागे, कर्कशपणाही कमी. आजच्या एअरबस ए३१९च्या सीएफएम५६ इंजिनातील ही चकती सुमारे १७३ सेंटिमीटर व्यासाची असते. सामान्य उंचीचा मराठी माणूस तिच्यासमोर उभा राहिला तर चकतीचा वरचा काठ त्याच्या डोक्यावर भरेल.

शांत इंजिन ही प्रवाशांना आणि शेजाऱ्यांना मोठी देणगी होती यात वाद नाही. परंतु विमानतळावर एकाच वेळी चार-पाच यंत्रे गुरगुरत असतात आणि सर्वांच्या कानांवर आवाजरोधक झापडी असतात. अशा जागी मंद गतीने फिरणारे इंजिन चालू आहे की बंद, हे कानाने ओळखणे अवघड. म्हणूनच पंख्याच्या मध्यावरच्या शंकूवर पांढरी वळणदार रेघ रंगवलेली असते. ती गरगरताना दिसली की इंजिन फिरते आहे. एवढ्या किमती यंत्राचा हा सर्वांत स्वस्त पहारेकरी असावा.

(११)
लढाऊ विमानांची गोष्ट थोडी निराळी. नाशिकजवळ ओझरला १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि तिथे मिग-२१ बनू लागले. मिगचे तोंड थेट नाकावर. जमिनीवर इंजिनाची चाचणी घेताना अशा तोंडावर जाळी बसवण्याची पद्धत आहे. मळणी यंत्राच्या तोंडावर पुढे जे झाकण आले, त्याचाच हा नातेवाईक. उड्डाणाच्या वेळी मात्र जाळी काढावीच लागते.

तशाच उड्डाणाच्या तयारीत, २० फेब्रुवारी १९९१च्या रात्री, आखाती युद्ध चालू असताना अमेरिकेच्या ‘थिओडोर रूझवेल्ट’ या विमानवाहू जहाजावर एक शिकाऊ नौसैनिक ए-६ विमानाच्या तोंडात ओढला गेला. त्याचे शिरस्त्राण आणि अंगावरचे साहित्य त्याच्याआधी आत गेले, पात्यांत ठिणग्या उडाल्या, वैमानिकाने तत्क्षणी इंजिन तोडले. तो आतल्या शंकूपाशी अडकून पडला होता. काही मिनिटांनी जिवंत बाहेर आला. हे सारे जहाजावरच्या कॅमेऱ्यात टिपले गेले आणि ते चित्रण पुढे सगळीकडे पसरले. त्याचा एक वाईट परिणाम असा की ‘तरीही माणूस वाचू शकतो’ अशी समजूत रुजली. ए-६चे इंजिन अरुंद होते आणि पात्यांपर्यंतची वाट लांब होती. प्रवासी विमानाच्या रुंद पंख्यापुढे अशी वाटच नसते.

(१२)
१६ जानेवारी २००६, अमेरिकेतील एल पासो. बोइंग ७३७-५००, प्रवासी आत बसलेले. इंजिनातून तेल गळत असल्याचा संशय आला म्हणून तंत्रज्ञ झाकणे उघडून दोन्ही बाजूंनी पाहत होते. गळती दिसावी म्हणून वैमानिकाला इंजिनाची शक्ती वाढवायला सांगण्यात आली. शक्ती वाढलेली असतानाच एक तंत्रज्ञ उभा राहिला, पुढे सरकला आणि ओढला गेला.

या जातीच्या विमानासाठी मंद गतीवर सुमारे तीन मीटरचा टापू वर्ज्य मानला जातो. शक्ती वाढली की तो टापूही वाढतो. सारा घात या एका गोष्टीत आहे. जमिनीवर रंगाने आखलेली रेघ असती तर ती जागेवर राहिली असती. ही रेघ वैमानिकाच्या मुठीतल्या दांड्याबरोबर पुढेमागे सरकते. तंत्रज्ञ क्षणापूर्वी जिथे सुरक्षित होता, तिथेच पुढच्या क्षणी नसतो, आणि त्याने स्वतः पाऊलही उचललेले नसते.

(१३)
म्हणूनच जुहूचा तो जुना संवाद जेटयुगात अधिक काटेकोर झाला. विमान निघण्याच्या वेळी एक माणूस नाकाखाली हेडसेटची तार जोडून उभा असतो. इंजिन सुरू होणार असेल तर विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवा लुकलुकू लागतो. ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो. या वेळी पुढच्या चाकाचे वळण वैमानिकाच्या ताब्यात राहू नये म्हणून चाकाच्या खांबात एक पिन घातलेली असते. ढकलणे संपले की ट्रॅक्टर सुटतो, तार निघते, पिन निघते. मग खालचा माणूस वैमानिकाला दिसेल अशा जागी, बाजूला दूर उभा राहतो आणि लाल पट्टी लावलेली ती पिन उंच धरून दाखवतो. अर्थ असा: चाक तुझ्या ताब्यात, खाली कोणी नाही, मी इथे आहे. वैमानिक हात उंचावून उत्तर देतो. त्यानंतरच विमानाने हलायचे.

हातभर कापडी पट्टीवर एवढा भार का, असे वाटू शकते. पण तार निघाल्यावर दोघांमध्ये शब्द उरलेला नसतो. उरते ती नजर.

(१४)
१६ डिसेंबर २०१५, मुंबई. रात्री पावणेनऊच्या सुमारास एअर इंडियाचे हैदराबादला जाणारे एआय ६१९ हे विमान, एअरबस ए३१९, निघत होते. विमान मागे ढकलून झाले होते. जमिनीवरचा तंत्रज्ञ विमानाजवळ, इंजिनाकडे पाठ करून उभा होता, कानाला हेडसेट. विमान हलले. तो इंजिनात ओढला गेला आणि जागीच मृत्यू पावला.

सहवैमानिकाने खुणेचा चुकीचा अर्थ लावला, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. दोन्ही वैमानिकांना उड्डाणाच्या कामावरून दूर करण्यात आले, चौकशी बसली, कंपनीने शोक व्यक्त केला. देशभर दोन दिवस बातमी गाजली. पुष्कळ ठिकाणी ती ‘विचित्र अपघात’ या मथळ्याखाली छापून आली.

हा शब्द न पटणारा आहे. वर सांगितलेल्या इतिहासात या अपघाताचा प्रत्येक घटक आधीच हजर आहे: छातीच्या उंचीवरचे तोंड, बधिर केलेले कान, पाठ फिरवलेला माणूस, दुसऱ्याच्या मुठीत असलेली शक्ती, आणि पूर्ण होण्याआधी पूर्ण झाला असे समजला गेलेला संवाद. विचित्र वाटते ते अशासाठी की विमानाच्या खिडकीत बसलेल्याने त्या माणसाकडे कधी पाहिलेलेच नसते.

(१५)
मुंबईच्या घटनेत संवाद तुटला होता. संवाद पुरेपूर झाला तरी काय होऊ शकते, ते ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी येथे दिसले. एम्ब्रेअर १७५ जातीचे विमान दारापाशी येत होते. विमानाचे वीज पुरवणारे सहायक यंत्र नादुरुस्त होते, त्यामुळे बाहेरची वीज जोडेपर्यंत इंजिने चालू राहणार होती. जमिनीवरच्या सर्वांना हे विमान येण्याच्या दहा मिनिटे आधी सांगितले गेले. विमान पोहोचण्याच्या तोंडावर पुन्हा सगळ्यांना गोळा करून सांगितले गेले. विमान थांबल्यावर सहवैमानिकाने खिडकी उघडून खालच्या माणसाला तेच सांगितले. लाल दिवा लुकलुकत होता. तरी एक कर्मचारी रोजच्या सवयीने धोक्याचा नारिंगी शंकू ठेवायला मागे गेली, पंखाच्या पुढच्या कडेने परत आली, आणि चालू असलेल्या डाव्या इंजिनासमोरून चालू लागली. सहकाऱ्याने हात हलवून तिला मागे सरायला खुणावले होते.

तिच्या कंपनीच्या नियमपुस्तिकेत लिहिले होते की इंजिनापासून पंधरा फुटांच्या आत जायचे नाही, आणि इंजिन बंद झाल्यावरही साठ सेकंदांपर्यंत, पाती थांबेतो वाट पाहायची. पुढे सरकारी कामगार सुरक्षा विभागाने कंपनीला १५,६२५ डॉलरचा दंड केला.

सांगितलेले आठवत नाही असे नसते. शंभर दिवस इंजिन बंद असतानाच शंकू ठेवलेला असतो. एकशे एकाव्या दिवशी पाय जुन्याच वाटेने जातात. मळणीच्या हंगामात अठरा तास उभ्या असलेल्या माणसाचा हात जसा पेंढीबरोबर आत जातो, तसेच.

(१६)
नांदेडला हे सारे तसे अलीकडचे. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने विमानतळाचे नूतनीकरण झाले. सुरुवातीला मुंबईची जी विमाने येत ती एटीआर जातीची, पंख्याची, म्हणजे धोका डोळ्यांना दाखवणारी. अलीकडच्या वर्षांत स्टार एअरची एम्ब्रेअर जेट विमाने नांदेडहून उडू लागली. या कंपनीच्या ताफ्यात एम्ब्रेअर १७५ आहे, म्हणजे माँटगोमेरीत होते त्याच जातीचे.

अशा विमानतळावर विमान फार वेळ थांबत नाही. प्रवासी उतरतात, त्यांची सामानाची गाडी भरते, नवे प्रवासी चढतात. खिडकीतून खाली पाहिले तर चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घातलेली चार-पाच माणसे दिसतात. त्यांतला एक जण हातात चाकाचे ठोकळे घेऊन विमानाच्या नाकापासून बराच दूर, नुसता उभा असतो. घाई सगळ्यांना आहे, पण तो पुढे येत नाही. पंख्यावरची पांढरी रेघ आधी चकतीसारखी दिसते, मग तिचे वळण ओळखू येते, मग ती सावकाश फिरते, आणि थांबते. पोटाखालचा लाल दिवा विझतो. तेव्हा तो चालू लागतो.